खांब काय पेलतो? चर्चच्या घरातली गॉथिक सजावट

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. भाषा शक्यतो वक्त्यांचीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग दिला आहे.)



मागच्या वेळी आपण 'राहणं' या शब्दापाशी थांबलो होतो. हायडेगरने १९५१ साली डार्मस्टाटला वास्तुरचनाकारांपुढे एक व्याख्यान दिलं होतं आणि त्यात विचारलं होतं, की बांधलं म्हणजे राहता येतं का? त्यावर तुमच्यापैकी काहींनी मला सांगितलं, बाई, हे सगळं फार हवेत चाललंय, एखादं घर दाखवा. ठीक आहे. आज घर दाखवते. पण घर जरा विचित्र आहे. ते आधी चर्च होतं.

माझी भाची आणि तिचा नवरा इंग्लंडच्या उत्तर भागात, एका लहान गावात राहतात. तिथे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक बंद पडलेलं चर्च घेतलं आणि त्याचं घर केलं. आता यात जगावेगळं काही नाही. प्रार्थनेला येणारी माणसं कमी झाली, छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसा नाही, अशी चर्चेस युरोपभर आहेत. इंग्लंडमध्ये अशा निरुपयोगी ठरलेल्या वास्तूंचं काय करायचं यासाठी १९६८ साली चर्चने स्वतंत्र नियम केले. काही जतन केली जातात, काहींची ग्रंथालयं, सभागृहं, व्यायामशाळा होतात, आणि काहींची घरं.

मी तिथे पोचले तेव्हा संध्याकाळ होती. दार उघडलं आणि मी चटकन बोलून गेले, ''अगं, हे तर ड्रॅक्युलाचं घर!'' सगळे हसले. भाची हसली नाही. रात्री जेवणं झाल्यावर भांडी विसळताना म्हणाली, ''मावशी, तू आयुष्यभर सौंदर्यशास्त्र शिकवलंस. मग नीट सांग ना, आमचं काय चुकलं?''

मला नीट सांगता आलं नाही. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी घर पाहून घेऊ. चर्चमध्ये लोक बसतात त्या मुख्य लांबट दालनाला नेव्ह म्हणतात. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज. आपल्या देवळातल्या सभामंडपाशी त्याची तुलना करता येईल, पण फार ताणू नये, कारण सभामंडपात माणसं ये-जा करतात, नेव्हमध्ये बसतात. त्याच्या पूर्व टोकाला वेदीचा भाग. वर लाकडी छप्पर, उघड्या तुळया, कैच्या. दोन्ही बाजूंना उंच, टोकदार कमानींच्या खिडक्या. ही झाली मूळ वास्तू.

आता सजावट. भिंतींना कोळशासारखा रंग. खिडक्यांवर गडद तांबड्या मखमलीचे पडदे, जमिनीपर्यंत लोळणारे. मध्ये घडीव लोखंडाचं झुंबर, त्यात मेणबत्तीच्या आकाराचे विजेचे दिवे. झोपण्यासाठी अर्ध्या भागात पोटमाळा घातलाय, आणि त्या पोटमाळ्याच्या खालच्या बाजूला प्लास्टरच्या बारीक फासळ्या चिकटवल्यात, जणू ते दगडी छत आहे. स्वयंपाकघराच्या कपाटांची दारं एमडीएफची, यंत्राने कापलेली, प्रत्येकावर तीच टोकदार कमान. जेवणाच्या टेबलाला मात्र चर्चचेच जुने बाक. आणि भिंतीवर एक लाकडी पाटी. पूर्वी तिच्यावर त्या दिवशी गायच्या गीतांचे क्रमांक लावत, आता भाची तिच्यावर किराण्याची यादी लावते.

तर प्रश्न असा आहे: ही सजावट 'गॉथिक' आहे, वास्तूही 'गॉथिक' आहे. मग दोघांचं पटत का नाही?

माझं म्हणणं असं, की इथे एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर आल्यात. एक गॉथिक बांधकामाचं आहे, दुसरं कादंबरीचं. पहिलं उजेडासाठी जन्माला आलं, दुसरं अंधारासाठी.

पहिलं घेऊ. मुळात 'गॉथिक' ही शिवी आहे. सोळाव्या शतकात व्हसारीने ही रचना रानटी गॉथ लोकांच्या माथी मारली. गॉथांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पॅरिसजवळ सेंट-देनिच्या मठात सुजे नावाच्या मठाधिपतीने वेदीमागचा भाग नव्याने बांधून घेतला आणि ११४४ साली त्याचा अभिषेक झाला. सर्वसाधारणपणे गॉथिकचा आरंभ तिथे मानतात. टोकदार कमान, फासळ्यांचं छत, पुढे बाहेरून भिंतीला दिलेले ते उडते टेकू, ही सगळी खटपट कशासाठी? तर छताचं ओझं ठरावीक खांबांवर उतरवायचं, म्हणजे मधली भिंत मोकळी होते. भिंत मोकळी झाली की तिच्या जागी काच बसवता येते. आणि काच कशाला? उजेड आत यायला. सुजेसाठी उजेड ही नुसती सोय नव्हती. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा हात धरून मन न दिसणाऱ्या प्रकाशाकडे चढतं, हे नवप्लेटोवादी तत्त्वज्ञान त्याच्या मागे होतं. म्हणजे बघा, दगडाचा प्रत्येक निर्णय प्रकाशासाठी.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. तुमच्यापैकी कोणी शार्त्रचं कॅथीड्रल पाहिलं असेल तर म्हणाल, बाई, आत तर अंधारच होता! खरं आहे. गडद निळ्या काचेतून येणारा उजेड लख्ख नसतो, तो मंद, रंगीत असतो. पण भिंतींचा काळोख वेगळा. या शतकात शार्त्रच्या आतल्या भिंती साफ केल्या, तेव्हा काजळीखाली तेराव्या शतकातला फिकट पिवळसर गिलावा आणि त्यावर पांढऱ्या रेघा सापडल्या. सफाईवर मोठा वाद झाला. अनेक जाणकारांना ती गूढ काळी भिंत हवी होती. पण ती भिंत शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांच्या धुराने काळी झाली होती. आपण ज्याला गॉथिक अंधार म्हणतो, त्यातला बराचसा भाग न पुसलेली काजळी आहे. आणि माझ्या भाचीने तो रंग डब्यातून विकत आणला.

तो डबा दुकानात आला कसा? इथे दुसरं गॉथिक येतं, आणि त्याची गोष्ट फार मजेदार आहे. १७४९ पासून होरेस वॉलपोल नावाचा एक श्रीमंत, हौशी इंग्रज लंडनजवळ ट्विकनहॅमला आपलं घर सजवायला लागला. घराचं नाव स्ट्रॉबेरी हिल. त्याला मध्ययुग हवं होतं, पण घरात. मग त्याने काय केलं? वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या एका थडग्यावरून दिवाणखान्याची, म्हणजे खरं तर ग्रंथदालनाची, शेगडी केली. तिथल्याच सातव्या हेन्रीच्या चॅपेलच्या पंख्यासारख्या दगडी छतावरून आपल्या लांब दालनाचं छत केलं. पण दगडात नाही, कागदाच्या लगद्यात! वर सोन्याचा मुलामा. जिन्यावर दगडी कोरीवकाम दिसतं, ते भिंतीवरच्या कागदावर रंगवलेलं.

आणि याच घरात १७६४ साली त्याला स्वप्न पडलं, जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात. त्यातून त्याने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली. पहिली गॉथिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे क्रम ध्यानात घ्या. आधी सजावट, मग भयकथा. काळ्या भिंती, मखमल, कवट्या, मेणबत्त्या यांचं सगळं घराणं मध्ययुगापर्यंत जात नाही. ते एका अठराव्या शतकातल्या दिवाणखान्यापर्यंत जातं.

वॉलपोलवर मी रागावू शकत नाही. कारण त्याला माहीत होतं की आपण खेळतोय. आपल्या इमारती आपल्या लेखनासारख्याच कागदी आहेत, मेल्यावर दहा वर्षांत उडून जातील, असं त्याने स्वतःच गमतीने म्हटलं होतं. गंमत अशी की ते घर अजून उभं आहे. शिवाय मूळ घर साधं होतं, त्याने कुठल्या खऱ्या चर्चवर कागद चिकटवला नाही. माझ्या भाचीच्या घरात मात्र खऱ्या कमानीशेजारी खोटी कमान आहे, आणि खोटीमुळे खरी बिचारी नाटकातला पडदा वाटायला लागते. माझा पहिला आक्षेप हा आहे. वाईट सजावट साध्या खोलीचं फारसं बिघडवत नाही, पण चांगल्या वास्तूविषयी ती आपल्या मनात शंका उत्पन्न करते.

या प्रश्नावर सगळ्यात कडक बोलणारा माणूस म्हणजे प्यूजिन. १८४१ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या व्याख्यानांत दोन नियम आहेत. इमारतीत सोय, बांधणी किंवा औचित्य यांच्यासाठी आवश्यक नाही असं काही नसावं. आणि अलंकार बांधणीवर चढवावा, अलंकारासाठी बांधणी रचू नये. त्याच्या काळात खुर्च्यांना कळस आणि टेकू लावायची फॅशन होती. अशा खोलीत बराच वेळ बसून अंगाला काही टोचलं नाही तर नशीब समजा, असा त्याचा टोला आहे. पण मला प्यूजिन आवडतो तो पुढच्या वाक्यांसाठी. तिथे तो कबूल करतो, की मीच विंडसरच्या राजवाड्यासाठी असलं फर्निचर आखलं होतं. ते काम केलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता! टीकाकाराने आधी स्वतःचं घर तपासावं, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

म्हणून माझंही सांगते. आमचा वाडा होता. वाटण्या झाल्या, वाडा पाडला, इमारत झाली. पाडताना मी हट्टाने एक सागवानी खांब मागून घेतला. खाली दगडी तळखडा, वर कोरलेली केळफुलं. तो आता माझ्या फ्लॅटच्या बैठकीत कोपऱ्यात उभा आहे. येणारा-जाणारा म्हणतो, वा! त्याच्यावर एक कुंडी ठेवलीय. ज्या खांबाने शंभर-सव्वाशे वर्षं माडी पेलली, तो आता मनीप्लँट पेलतो. इंग्लंडमध्ये प्लास्टरच्या फासळ्या पाहून मी हसले, तेव्हा हा खांब मला आठवला नव्हता. परत आल्यावर, कुलूप उघडल्याबरोबर दिसला.

तर निकष काय लावायचे? मी तीन प्रश्न सुचवते.

पहिला प्रश्न प्यूजिनचा: हे काय पेलतं? फासळ्या काही पेलत नाहीत, उलट पोटमाळाच त्यांना पेलतो. शिवाय इंग्लंडमधल्या अशा लहान चर्चला बहुधा दगडी छत नसतंच, लाकडीच असतं. म्हणजे वर खऱ्या तुळया दिसत असताना खाली अशा छताची नक्कल, जे त्या वास्तूत कधी नव्हतंच. कपाटांच्या दारांचंही तेच. आणि तिथे रस्किनचाही मुद्दा येतो. 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या दुसऱ्या खंडात, १८५३ साली, त्याने गॉथिकचा आत्मा शोधला तो कमानीत नाही, कारागिरात. हात चुकतो, प्रत्येक पान थोडं वेगळं निघतं, आणि त्या वेगळेपणात कारागीर मोकळा असतो. यंत्राने कापलेल्या एकसारख्या कमानींत तो मोकळेपणा कुठून येणार?

ज्यांना इंग्लंडला जायचं नाही त्यांनी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीची वाट बघताना मान वर करावी. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही वास्तू १८८८ साली पूर्ण झाली आणि तिच्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पानंफुलं, पक्षी, माकडं, किती तऱ्हा आहेत! गॉथिक परक्या देशातून आलं, पण हात इथले होते, आणि ते दिसतं.

दुसरा प्रश्न सुजेचा: उजेडाचं काय केलं? इथे मी सवलत देणार नाही. ती मखमल काढलीच पाहिजे. ज्या खिडकीसाठी सगळी भिंत रचली गेली, तिलाच झाकायचं? हे म्हणजे गवयाला घरी बोलवायचं आणि रेडिओ लावायचा.

तिसरा प्रश्न आठवणीचा, आणि तो मला सगळ्यात अवघड जातो. चर्च विकलं जातं तेव्हा धर्मसंस्था काही गोष्टी काढून नेते: वेदी, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र. रोमन कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, कलम १२२२ मध्ये, असं आहे की अशा वास्तूचा लौकिक वापर चालेल, पण हीन वापर चालणार नाही. भाचीचं चर्च कॅथलिक नव्हे, पण हा भेद मला फार मोलाचा वाटतो. लौकिक म्हणजे 'प्रोफेन'. लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देवस्थान, 'प्रो' म्हणजे समोर. देवस्थानाच्या बाहेरचं, अंगणातलं. त्यात अपमान नाही. माणसाचं जेवणं, झोपणं, भांडणं हे अंगणातलंच जगणं आहे, ते हीन नाही. हीन काय? माझ्या मते, दुसऱ्याच्या गंभीर गोष्टीचा आपल्या करमणुकीसाठी देखावा करणं. कवटीच्या आकाराची मेणबत्ती फ्लॅटमध्ये असली तर कोणाचं बिघडत नाही. पण ज्या घराच्या अंगणात खरी थडगी आहेत, तिथे ती ठेवणं मला अशोभनीय वाटतं.

दुसरी वाटही आहे. हॉलंडमध्ये उत्रेख्तला सेंट याकोबुस हे १८७० सालचं चर्च झेक या वास्तुरचनाकारांनी घरात रूपांतरित केलं. २००९ साली. त्यांनी गॉथिकची नक्कल केलीच नाही. सगळं पांढरंशुभ्र, नवी रचना जुन्या दालनात स्वतंत्र वस्तूसारखी, आणि नेव्हची उंची मोकळी. पहिल्या दोन प्रश्नांत ते घर उत्तम उतरतं. तिसऱ्यात मी घुटमळते. एवढ्या स्वच्छ घरात जुन्या माणसांना जागा उरते का? पांढरा रंगही पुष्कळ गोष्टी झाकतो.

आणि मग भाचीच्या घरातली ती पाटी आठवते. त्या पाटीने कोणाला फसवलं नाही. ती पूर्वीही रोजच्या उपयोगाची होती, आजही आहे. बाकांवर माणसं पूर्वीही खांद्याला खांदा लावून बसत, आजही बसतात. या दोन गोष्टी करताना भाचीच्या मनात 'गॉथिक' हा शब्द आलाच नसेल, आणि तिथेच ते घर सगळ्यात सुंदर झालंय.

मी तिथे असताना, एका रविवारी सकाळी, एक म्हाताऱ्या बाई आल्या. अशा जागी थडग्यांपर्यंत येण्याचा नातेवाइकांचा हक्क बहुतेक वेळा राखलेला असतो. फुलं ठेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, आत जरा पाहू का? त्यांचं लग्न इथेच झालं होतं. मला वाटलं, आता त्या काळ्या भिंती पाहून बाईंना धक्का बसणार. मी जवळजवळ त्याची वाटच पाहत होते, कारण माझा मुद्दा सिद्ध झाला असता! त्या हळूहळू चालत फ्रिजपर्यंत गेल्या, तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, इथे आम्ही सगळे थंडीने कुडकुडत असू. आता किती ऊब आहे!

फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्यात. माझ्या तीन प्रश्नांत उबेचा प्रश्न नव्हता. चर्च रिकामं पडून त्यात कबुतरं राहिली असती, त्यापेक्षा तिथे चूल पेटली, मूल रांगलं, हे त्या बाईंना कळलं आणि सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापिकेला कळायला वेळ लागला. म्हणून माझे आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्यांची जागा ठरवते. घर केलं यात चूक नाही. चूक असेल तर ती एवढीच, की घर केल्यावर त्याला चर्चचं सोंग दिलं.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: मॅडम, पण व्हिक्टोरियन चर्च हीसुद्धा मध्ययुगाची नक्कलच होती ना? मग खरं-खोटं कसं ठरवायचं?

उत्तर: फार चांगला प्रश्न, आणि मी मुद्दामच त्याला बगल दिली होती, तुम्ही पकडलंत. होय, ते पुनरुज्जीवन होतं. पण त्या नकलेने कामं अंगावर घेतली. त्या कमानींनी खरंच भिंत पेलली, त्यांच्याखाली लग्नं लागली, माणसं निरोप देऊन गेली. नक्कल आणि परंपरा यांच्यातली रेघ वय पाहून काढता येत नाही. ती गोष्ट कोणाच्या उपयोगी पडली, कशाला जबाबदार राहिली, हे पाहावं लागतं. उद्या त्या एमडीएफच्या दारांनाही पन्नास वर्षांनी कोणी मायेने जपेल. तेव्हा मी नसेन, त्यामुळे मला अडचण नाही.

प्रश्न: भाचीला शेवटी काय सांगितलंत?

उत्तर: फोन केला. म्हटलं, पडदे काढ, भिंतीला चुन्याचा फिकट रंग दे, फासळ्या उतरव. झुंबर राहू दे, ते खरंच उजेड देतं. पाटीला हात लावू नकोस. ती म्हणाली, ''बरं. आणि मावशी, तुझ्या खांबाचं काय?''

कुंडी काढलीय. पुढचं अजून ठरत नाही.